पन्नास हजारांचा प्रस्ताव

कर्जाचा अर्ज घेऊन येणारा माणूस पायरीवरच ओळखू येतो. चपला काढायला तो नको इतका वेळ लावतो. अडतीस वर्षं बँकेत काढल्यावर एवढं तरी कळायला लागतं. २०२३ च्या ऑक्टोबरात, किहीमच्या आमच्या घराच्या ओटीखाली माझा नातू असाच चपलांशी खेळत उभा राहिला, तेव्हा मी हातातलं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

नातू म्हणजे पुतण्याचा मुलगा. तेव्हा अकरावीत होता. हातात वहीचं फाडलेलं पान.

"आजोबा, बाबा म्हणालेत, तुम्ही हो म्हणालात तर घे."

पानावर आठ-दहा इंग्रजी नावं, प्रत्येकासमोर आकडा आणि शेवटी बेरीज : ६८,४००. त्याखाली बारीक अक्षरात, 'माझ्याकडे ५०,०००'. घरी गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता, तोही तयार नव्हे. सुटे भाग आणून तो स्वतः जोडणार होता.

पन्नास हजार त्याचे स्वतःचे होते, हे आधी सांगायला हवं. पुतण्या वाडी सांभाळतो आणि मागच्या दोन खोल्या शनिवार-रविवारी मुंबईच्या पाहुण्यांना देतो. पोराने जुन्या दोन सायकली दुरुस्त करून पाहुण्यांना भाड्याने दिल्या, सकाळी शहाळी सोलून दिली, गाड्या धुतल्या. त्यात दहावीच्या निकालाची पाकिटं. ही सारी रक्कम एका बिस्किटाच्या डब्यात जमली होती, आणि त्या डब्यावर बापाचा डोळा होता. वाईट अर्थाने नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या केल्या. सुपारीचं रोप लावलं की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. पुतण्याचं म्हणणं सरळ होतं : एवढे पैसे आहेत तर रोपं आणू, ठिबक टाकू. कॉम्प्युटर म्हणजे काय, आणि तोसुद्धा खेळायला!

बापलेक आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. जेवणाची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढली जात होती. शेवटी प्रकरण माझ्याकडे आलं.

मी ते अस्सल बँकवाल्यासारखं हाताळलं, म्हणजे 'चौकशी करू' म्हणून पान ठेवून घेतलं. मनात मात्र नकारच होता. आयकर खातं धंद्यातल्या संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मंजूर करतं. ज्या वस्तूची किंमत सरकारच इतक्या वेगाने घटलेली धरतं, तिच्यापुढे पोफळ किती तरी भरवशाची. आणि संगणकाशी माझं जुनं वैर. १९८३ मध्ये बँकांच्या संघटनांशी यंत्रांबाबत पहिला करार झाला त्या काळात मी तरुण कारकून होतो आणि 'यंत्र आलं, नोकरी गेली' अशा घोषणा बेंबीच्या देठापासून दिल्या होत्या. नोकरी गेली नाही. उलट त्याच यंत्रांवर दोन बढत्या मिळाल्या. घोषणांचं कोणी व्याज मागत नाही म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवून एकेक बाब विचारायला सुरुवात केली. पोराने माझ्याच भाषेत उत्तरं द्यावीत म्हणून मी त्याला जुन्या शाखेचं चित्र काढून दिलं आणि म्हटलं, यात तुझे भाग बसव. त्याने बसवले. प्रोसेसर म्हणजे लेजरवरचा हुशार कारकून. रॅम म्हणजे त्याच्यासमोरचं टेबल; टेबल लहान असलं तर तो सारखा उठून रेकॉर्ड रूममध्ये जाणार. रेकॉर्ड रूम म्हणजे एसएसडी. आणि ग्राफिक्स कार्ड? इथे तो अडला, तेव्हा मीच सुचवलं. सहामाही व्याज लावायच्या रात्री आम्ही सगळी शाखा थांबवून घ्यायचो. काम सोपं, गुणाकार-भागाकाराचं, पण हजारो खात्यांचं, म्हणून सगळ्यांनी एकदम करायचं. "तेच, आजोबा!" तो ओरडला. पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके, म्हणजे २०,७३,६००. खेळताना दर सेकंदाला साठ वेळा ते सारे नव्याने रंगवायचे. एकटा हुशार कारकून तिथे काय करणार? म्हणून पैशांतला सर्वांत मोठा वाटा कार्डाचा.

मग मी लाल पेन घेतलं. काचेचा दिव्यांचा कॅबिनेट उडवला; त्याला वाईट वाटलं, पण बोलला नाही. बारा हजारांचा प्रोसेसर होता, त्याजागी त्यानेच आठ हजार सातशेचा रायझन ५ ५५०० लिहिला. सहा कोअर, पुरे. रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या, कारण टेबलाला दोन्हीकडून कागद पोचतात. हे मला पटलं. त्यानंतर 'एसएमपीएस : ४,०००' या ओळीवर पेन टेकलं. हा वीजपुरवठ्याचा डबा. कुठल्याशा कंपनीचा आठ-नऊशे रुपयांतही मिळतो, असं मी चौकशीत ऐकलं होतं. त्याने वेग वाढतो का? नाही. चित्र सुधारतं का? नाही. मी ओळ खोडली.

पोराने प्रथमच आवाज चढवला. "आजोबा, संध्याकाळी सातला आपला पंखा कसा फिरतो, बघितलंत कधी?"

पंखा मी रोजच बघतो. पाहुण्यांचे एसी सुरू झाले की तो दम लागल्यासारखा फिरतो आणि मध्येच उचकी लागावी तसा पळतो. तो सांगू लागला की भिंतीतली २३० व्होल्टची वीज हा डबा १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणतो आणि आतल्या प्रत्येक भागाला देतो. वाईट डबा मरताना एकटा मरत नाही. वीस हजारांचं कार्डही सोबत नेऊ शकतो. "बाकी सगळं नंतर बदलता येईल. हे आता नीट हवं."

ऐकताना मला १९८९ सालची एक संध्याकाळ आठवली. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची मशिनं नवीन आली होती. स्टॅबिलायझरवर वरच्यांनी काटकसर केलेली. महिनाअखेर होती, वीज लपलप झाली आणि दिवसभराची पोस्टिंग गेली. रात्री अडीचपर्यंत आम्ही व्हाउचरं पुन्हा चढवत होतो. त्या रात्री मी काटकसर करणाऱ्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या आता मलाच लागू होत होत्या. खोडलेली ओळ मी पुन्हा लिहिली आणि त्याखाली तीन हजारांचा छोटा यूपीएसही जोडला. वीज गेल्यावर दोन मिनिटांत नीट बंद करण्यापुरता.

राहिला प्रश्न मॉनिटरचा. साडेनऊ हजार. ते कुठूनच निघेनात. तेव्हा पोर म्हणाला, पाहुण्यांच्या खोलीत चाळीस इंची टीव्ही आहे, फुल एचडी; सोमवार ते शुक्रवार तो रिकामाच असतो. हे वाक्य ओटीच्या टोकाला सुपारी कातरत बसलेल्या पुतण्याने ऐकलं आणि अडकित्ता थांबला. म्हणजे शनिवार-रविवारी हा खेळणार नाही? कसा खेळेल, टीव्ही पाहुण्यांकडे! आठ दिवसांत बापलेकांत झालेला तो पहिला संवाद. माझ्या सगळ्या आर्थिक विश्लेषणाने जे जमलं नाही, ते मॉनिटर न परवडल्याने जमलं.

तरी त्याची भीती पुरती गेली नव्हती. त्याच्यालेखी गेम म्हणजे मोबाइलवर पैसे लावून बरबाद होणारी पोरं. अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंदी घातली, पण तेव्हा ते उघड चालत. पोराने समजावलं की हे ते नव्हे. त्याच महिन्यात संपलेल्या हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्‌सला प्रथमच पदकं होती, हेही सांगितलं. "तू काय पदक आणणार आहेस?" बापाने विचारलं. "नाही," पोर म्हणाला. मला त्याचा हा प्रांजळपणा आवडला. कर्जदाराने एवढं खरं बोलू नये असं मात्र वाटून गेलं.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघं मांडव्याहून लाँचने गेटवेला आणि तिथून लॅमिंग्टन रोडला गेलो. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण सुटे भाग शोधणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतो. मी या रस्त्याला ओळखत होतो तो मिनर्व्हामुळे, जिथे १९७५ पासून 'शोले' पाच वर्षं मुक्कामाला होता. एका गाळ्यात दुकानदाराने निम्म्याहून कमी पैशांत एक वापरलेलं, दणकट कार्ड पुढे केलं. बिल नाही, 'टेस्टिंग वॉरंटी' सात दिवसांची. नातवाने ते उलटून पाहिलं आणि मान हलवली. बाहेर आल्यावर सांगितलं : इथेरियम नावाचं आभासी चलन काढायला लोक अशी कार्डं रात्रंदिवस जुंपायचे, १५ सप्टेंबर २०२२ ला ती पद्धतच बदलली आणि जगभरातली दमलेली कार्डं बाजारात आली. मला जप्त टेम्पोंचे लिलाव आठवले. रंग नवा, इंजिन संपलेलं. आम्ही पुढच्या दुकानात नवं आरएक्स ६६०० घेतलं, साडेवीस हजारांना, पक्क्या बिलावर. सगळा खर्च ५१,५०० झाला. वरचे दीड हजार मी घातले. बँकेत मार्जिन कर्जदार भरतो. इथे मंजूर करणाऱ्याने भरलं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने परतताना त्याने खोकी खाली ठेवलीच नाहीत.

पुढची गोष्ट सांगताना मला थोडं जड जातं. १९९७ मध्ये माझ्या मुलासाठी मी स्टाफ लोन काढून नामांकित कंपनीचा कॉम्प्युटर आणला होता. मुलगा तेरा वर्षांचा. त्यालाही सुटे भाग आणून जोडायचा होता. मी ऐकलं नाही. महिन्याभरात त्याने तो बंदिस्त डबा उघडला, वॉरंटीचं सील तुटलं, आणि मी इतका ओरडलो की शेजारचे आले. माझ्यादेखत त्याने पुन्हा त्या यंत्राला हात लावला नाही. आता तो कॅनडात असतो, रविवारी फोन करतो. आम्ही हवापाण्याविषयी बोलतो.

म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर खोकी उघडली गेली तेव्हा मी खुर्ची ओढून तिथेच बसलो आणि तोंड बंद ठेवलं. पोराने आधी नळाच्या लोखंडी पाइपला हात लावला, अंगातली वीज जावी म्हणून. आमच्या किहीमला सालिम अलींनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर अर्धंच घरटं विणतो आणि मादीची पसंती येईपर्यंत थांबतो, पसंती आली तर पुरं करतो, हे त्यांनी इथे पाहून लिहिलं. तसाच हा प्रत्येक भाग बसवून माझ्याकडे बघे. मी मान हलवे. कळत काहीच नव्हतं.

रात्री नऊला बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. पुन्हा दाबलं. काळाच. पोराचा चेहरा उतरला. दारात उभा असलेला पुतण्या काही बोलणार तोच मी त्याला हाताने थांबवलं. अर्धा तास त्याने रॅम काढून बसवली, वायरी तपासल्या. मग टीव्हीची वायर धरत मागपर्यंत गेला आणि हसायलाच लागला. वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या भोकात होती. या प्रोसेसरात चित्र दाखवायची सोयच नाही, त्यामुळे तिथून काही येणारच नव्हतं. ती वायर मी लावली होती. मदत म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या खोलीत कॅबिनेट हलवायला गेलो तर टीव्हीखाली फणसाच्या लाकडाचा नवा चौरंग होता, चार बोटं उंच. पुतण्याने सकाळी बनवलेला. "पावसात फरशी पाझरते, काका," तो म्हणाला, "आणि तांबड्या मुंग्या. खाली नको."

रविवारी मुलाचा फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं, काळ्या पडद्यासकट. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग त्याने विचारलं, "बाबा, एसएमपीएस कोणता घेतलात?"

मी चष्मा लावला आणि खोक्यावरची अक्षरं त्याला एकेक करून वाचून दाखवली.