संगणक भाषांच्या आवृत्त्या व प्रारंभिक अध्ययन

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ज्या कृत्रिम भाषेत लिहितात, तिला संगणक भाषा म्हणतात. नैसर्गिक भाषेप्रमाणे तीही कालानुसार बदलते. मात्र तिच्यातील बदल नकळत होत नाहीत, तर भाषेची व्याख्या करणारे मंडळ ते ठरवून, क्रमांक अथवा वर्ष देऊन जाहीर करते. अशा प्रत्येक जाहीर रूपास त्या भाषेची आवृत्ती म्हणतात. एकाच भाषेच्या अनेक आवृत्त्या एकाच काळी वापरात असल्यामुळे नवशिक्याने कोणत्या आवृत्तीपासून प्रारंभ करावा, हा प्रश्न उद्भवतो. वरवर पाहता तो किरकोळ वाटतो. परंतु प्रयोगशाळा, पाठ्यपुस्तके, परीक्षा आणि विद्यार्थ्याची पुढील नोकरी या सर्वांशी त्याचा संबंध येतो. अमरावती व अकोला यांसारख्या, मोठ्या संगणक उद्योगकेंद्रांपासून दूर असलेल्या भागात त्यास विशेष महत्त्व आहे. कारण वर्गातील अध्यापनात राहिलेली त्रुटी भरून काढण्याचे मार्ग तेथील विद्यार्थ्याला तुलनेने कमी उपलब्ध असतात.

आवृत्ती, मानक व साधन : या विषयात तीन गोष्टींची गल्लत वारंवार होते. पहिली म्हणजे भाषेचा गाभा : चल राशी, अट, पुनरावृत्ती, फलन इत्यादी संकल्पना. हा गाभा आवृत्तीगणिक फारसा बदलत नाही. दुसरी म्हणजे मानक अथवा अधिकृत व्याख्या. आवृत्ती हा शब्द काटेकोरपणे तिलाच लागू पडतो. तिसरी म्हणजे साधन : लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर व त्याच्या जोडीला मिळणारा तयार फलनांचा संग्रह. जुनी भाषा व जुने साधन या भिन्न बाबी आहेत. उदा., सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत विकसित केली. तिचे पहिले मानक १९८९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले व पुढे १९९९, २०११, २०१८ व २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली. १९८९ च्या मानकानुसार काटेकोरपणे लिहिलेली आज्ञावली आजच्या कंपायलरवरही बहुधा विनातक्रार चालते. याउलट, मानकात कधीच नसलेल्या व एखाद्याच साधनाने पुरविलेल्या सोयींवर उभारलेली आज्ञावली ते साधन मागे पडताच निरुपयोगी होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : फोर्ट्रान ही भाषा आयबीएम या कंपनीने १९५७ मध्ये उपलब्ध करून दिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकावर काम करणारे शास्त्रज्ञ तिचा वापर करीत. त्या काळी आज्ञा छिद्रित पत्रांवर नोंदवीत असल्याने पहिले पाच स्तंभ विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा मागील ओळ पुढे चालू ठेवण्यासाठी व सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंतचे प्रत्यक्ष विधानासाठी राखून ठेवलेले असत. छिद्रित पत्रे नाहीशी झाल्यावरही हे बंधन फोर्ट्रान ७७ या आवृत्तीत कायम होते. फोर्ट्रान ९० ने मुक्त मांडणीस परवानगी दिली. आवृत्तीचे काही नियम संकल्पनेतून आलेले नसून गतकालीन यंत्राच्या सोयीतून आलेले असतात, हे यावरून दिसते.

शालेय स्तरावर केंद्र शासनाच्या १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या संगणक साक्षरता प्रकल्पात बीबीसी मायक्रो हे संगणक वापरण्यात आले व त्यांवर बेसिक ही भाषा शिकविली गेली. ही भाषा जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात खास नवशिक्यांसाठी तयार केली होती.

वऱ्हाडातील स्थिती : अमरावती येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. १९८३ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ (आताचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) अस्तित्वात आले आणि त्याच सुमारास बडनेरा, शेगाव व अकोल्याजवळील बाभुळगाव येथे खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. पदविका अभ्यासक्रम मात्र राज्याच्या तंत्र शिक्षण मंडळाकडे असून मंडळाच्या २०१७ पासूनच्या आराखड्यात संगणक शाखेच्या पहिल्या वर्षी सी व तिसऱ्या वर्षी पायथन या भाषांचा समावेश होता.

या संस्थांचा विस्तार होत असतानाच डॉस प्रणालीवर चालणारे वैयक्तिक संगणक भारतात पसरले. त्यांच्यासाठी बोरलँड या कंपनीने १९८७ मध्ये टर्बो सी व १९९० मध्ये टर्बो सी++ ही साधने बाजारात आणली. लेखन, अनुवाद, दोषशोधन व साहाय्य या सर्व सोयी एकाच पडद्यावर देणारी व अल्प स्मृतीत चालणारी ही साधने त्या काळी अत्यंत उपयुक्त होती. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या लेट अस सी या लोकप्रिय पाठ्यपुस्तकाच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांतही टर्बो सी हेच साधन गृहीत धरलेले होते; पुढे त्यात विंडोज व लिनक्स प्रणालींवरील सी भाषेची प्रकरणे आली. अनेक प्रयोगशाळांत मात्र जुने साधन तसेच राहिले. चौसष्ट बिटांच्या विंडोज प्रणालीवर ते थेट चालत नसल्याने डॉसचा आभास निर्माण करणाऱ्या वेगळ्या आज्ञावलीच्या साहाय्याने ते चालविण्याचा प्रघात पडला. प्रात्यक्षिक-वह्या, प्रश्नसंच व अध्यापकांची सवय ही त्याची प्रमुख कारणे होत.

फरकांचे प्रकार : नवशिक्याच्या दृष्टीने दोन आवृत्त्यांतील फरक तीन प्रकारचे असतात.

(१) उघड फरक : जुनी आज्ञा नव्या साधनावर नाकारली जाते व दोषसंदेश मिळतो. सी++ भाषेच्या १९९८ च्या मानकात आयओस्ट्रीम या शीर्षफाइलीच्या नावापुढील ‘एच’ हे अक्षर गेले आणि मुख्य फलनाने पूर्णांक परत करावा, हे बंधनकारक झाले. टर्बो सी++ वर शिकलेला विद्यार्थी ‘व्हॉइड मेन’ व ‘आयओस्ट्रीम.एच’ असे लिहितो, तेव्हा जीसीसीसारखा कंपायलर त्याची आज्ञावली स्वीकारीत नाही. पडदा पुसण्यासाठी वापरावयाचे ‘क्लिअरस्क्रीन’ हे फलन तर मानकात कधीच नव्हते.

(२) मूक फरक : आज्ञावली दोन्हीकडे चालते, परंतु उत्तर बदलते. टर्बो सीमध्ये पूर्णांकासाठी दोन बाइट जागा असल्याने त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. ५ क्विंटल कापसाचे प्रति क्विंटल ८,००० रुपयांप्रमाणे मूल्य काढल्यास तेथे ४०,००० ऐवजी −२५,५३६ हे उत्तर मिळते. चार बाइटांचा पूर्णांक वापरणाऱ्या आजच्या कंपायलरवर ते बरोबर येते. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत ७ ला २ ने भागल्यास ३ मिळत, तिसऱ्या आवृत्तीत ३·५ मिळतात. कोणताही दोषसंदेश नसल्यामुळे हे फरक उघड फरकांपेक्षा अधिक घातक ठरतात.

(३) भर : जुने सर्व कायम ठेवून नवी सोय दिली जाते. जावा भाषेत एक ओळ छापण्यासाठीही वर्ग व त्याची विशेषणे लिहावी लागत. २५ व्या आवृत्तीने (२०२५) छोट्या आज्ञावलींपुरती ही अट काढून टाकली. नवी आवृत्ती जुनीपेक्षा कठीणच असते, हा समज यामुळे खरा ठरत नाही.

पायथनचे उदाहरण : आवृत्तिनिवडीचा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने पायथन या भाषेबाबत उपस्थित झाला. गीडो व्हान रॉसम यांची ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. डिसेंबर २००८ मध्ये आलेली तिची तिसरी आवृत्ती दुसरीशी हेतुपुरस्सर विसंगत ठेवण्यात आली. त्यानंतर काही वर्षे नवशिक्यास दुसरी आवृत्ती सुचविणे युक्त होते. कारण उपयुक्त संग्रह नव्या आवृत्तीसाठी तयार झालेले नव्हते. नमपाय हा गणिती संग्रह २०१० मध्ये व जँगो ही संकेतस्थळ-रचनेची चौकट २०१३ मध्ये तिसऱ्या आवृत्तीवर चालू लागली. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल प्रथम २०१५ पर्यंत करावयाची होती. ती मुदत वाढवून १ जानेवारी २०२० करण्यात आली व त्यानंतर ही आवृत्ती बंद झाली. म्हणजे जो सल्ला २००९ मध्ये योग्य होता, तोच २०२० मध्ये अयोग्य ठरला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात जुन्या पायथनची पाठमाला ‘जुनी आवृत्ती’ अशा स्पष्ट नावाने ठेवून नव्या आवृत्तीची स्वतंत्र पाठमाला देण्यात आली, ही पद्धत अनुकरणीय होय.

या बदलाचा मराठी विद्यार्थ्याशी थेट संबंध आहे. दुसऱ्या आवृत्तीत साधी अक्षरमाला म्हणजे बाइटांची रांग होती. त्यामुळे यूटीएफ-८ या संकेतनात ‘अकोला’ या शब्दाची लांबी १५ व ‘अमरावती’ची २१ भरे. तिसऱ्या आवृत्तीत युनिकोड चिन्हे मोजली जात असल्याने त्या अनुक्रमे ५ व ७ येतात. मराठी वाचक उच्चारानुसार त्यांत तीन व पाच अक्षरे मोजतो. हा उरलेला फरक काना, मात्रा, वेलांटी यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असल्यामुळे पडतो. तिसऱ्या आवृत्तीत चल राशीस ‘बेरीज’ अथवा ‘संख्या’ असे देवनागरी नाव देता येते, तसेच वापरणाऱ्याने कळफलकावरून दिलेली ‘२५’ ही देवनागरी अंकांतील अक्षरमाला पूर्णांकात रूपांतरित होऊ शकते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात आपल्या भाषेतील मजकुरावर काम करता येणे ही लहान बाब नव्हे.

जुन्या आवृत्तीचे स्थान : जुने ते सर्व त्याज्य, असा याचा अर्थ नाही. राज्याच्या उच्च माध्यमिक संगणकशास्त्र अभ्यासक्रमात १९७६ मधील ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक दीर्घकाळ शिकविला गेला आहे. तो बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर यंत्राचे अंतरंग समजण्यास सोपे प्रतिमान म्हणून. असे अध्यापन उचित आहे. तसेच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मॉन्सूनच्या पूर्वानुमानासाठी वापरलेल्या प्रतिमानांचा मोठा भाग फोर्ट्रानमध्ये असून त्यात जुन्या शैलीतील लेखनही आढळते. वऱ्हाडातील कापूस व सोयाबीन यांचे पेरणीचे निर्णय ज्या अंदाजांवर अवलंबून असतात, ते देणाऱ्या आज्ञावली सांभाळण्यासाठी जुन्या आवृत्त्या वाचता येणारे तज्ञ लागतातच. मात्र जुने वाचता येणे हे पुढील टप्प्याचे कौशल्य आहे. नवी आवृत्ती पक्की झालेल्या विद्यार्थ्याला जुनीतील फरक थोड्या दिवसांत समजतो. उलट दिशेने जाताना प्रथम जुन्या सवयी मोडाव्या लागतात.

निवडीचे निकष : (अ) ज्या आवृत्तीतील दोषांची दुरुस्ती अद्याप चालू आहे, तीच प्रारंभासाठी निवडावी. (आ) अगदी नुकतीच जाहीर झालेली आवृत्ती घेण्याची घाई करू नये. आवश्यक संग्रह, पाठ्यपुस्तके व शंकासमाधानाची साधने तिच्यासाठी उपलब्ध झाली आहेत, हे पाहावे. जावासारख्या भाषेत दीर्घकाळ देखभालीचे आश्वासन असलेली आवृत्ती घ्यावी. (इ) पुस्तक, प्रयोगशाळा व परीक्षा तिन्ही ठिकाणी एकच आवृत्ती असावी. (ई) परीक्षेसाठी जुने साधन अटळ असल्यास कोणता भाग मानक भाषेचा व कोणता त्या साधनापुरता, हे अध्यापकाने पहिल्याच तासाला सांगावे व प्रत्येक आज्ञावली नव्या कंपायलरवरही चालवून दाखवावी. जीसीसी व पायथन विनामूल्य असून साध्या आज्ञावलींसाठी जुन्या संगणकांवरही चालतात; त्यामुळे खर्चाची अडचण येथे सहसा येत नाही.

शेवटचा निकष सर्वांत महत्त्वाचा होय. जुन्या आवृत्तीने होणारी खरी हानी तिच्या वयामुळे होत नाही. शिकलेल्यातील टिकाऊ काय व तात्पुरते काय, हे विद्यार्थ्यापासून झाकले गेल्याने ती होते. अकोल्याहून पुण्यास नोकरीच्या चाचणीसाठी गेलेल्या विद्यार्थ्याची आज्ञावली पहिल्याच ओळीत नाकारली गेली, तर दोष आवृत्तीचा असूनही तो आपल्या बुद्धीचा समजण्याची शक्यता असते. आवृत्त्या यापुढेही बदलत राहतील आणि आजची नवी आवृत्ती काही वर्षांनी जुनी होईल. म्हणून भाषेबरोबरच तिच्या आवृत्तीची ओळख करून देणे, हा प्रारंभिक अध्ययनाचाच भाग मानला पाहिजे.