गळा आणि गाणं – लेखांक ७ : खांद्यातून घशात

आषाढ लागला की पुण्याच्या नारायण पेठेतल्या गळ्यांचे हाल सुरू होतात. शाळा नुकत्या उघडलेल्या असतात आणि भरल्या वर्गाला शिस्त लावता लावता बाईंचा आवाज बसतो. भिडे पुलाजवळ नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, की त्या दणदणाटात ओरडून सूचना देणारी पोरं चार दिवसांत घोगरी बोलू लागतात. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली मांडलं होतं. ओरडणाऱ्याला आपण ओरडतोय हे कळतच नाही, खरी अडचण ती आहे.

यावर घरोघरचा इलाज ठरलेला: खडीसाखर, लवंग, ज्येष्ठमध, गरम पाणी. घशाला त्यानं बरं वाटतं, पण यातलं काहीच स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळताना स्वरयंत्र मिटतं आणि घोट अन्ननलिकेत जातो. चुकून वाट चुकला तर ठसका लागतो. स्वरतंतूंना थेट ओलावा देते ती वाफ. पाणी प्यायचं ते दिवसभर. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं तांब्या रिकामा करून काही साधत नाही.

आज मात्र घशाच्या बाहेर बघू या. गळ्याच्या घाटीच्या थोडं वर, हनुवटीखाली, हलकेच बोट लावा आणि आवंढा गिळा. जे वर सरकतं त्यात नालेच्या आकाराचं एक छोटं हाड आहे, कंठिकास्थी. दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. वरून जीभ आणि जबडा, खालून छातीचं हाड, अशा चहूबाजूंच्या स्नायूंनी ते तोलून धरलेलं असतं आणि स्वरयंत्र त्यालाच टांगलेलं असतं. यातला एक लांबट स्नायू निघतो तो चक्क खांद्याच्या फऱ्यापासून. हासळीच्या हाडामागून वळण घेत तो मानेतून वर चढतो आणि कंठिकास्थीला येऊन मिळतो. खांदा आणि गळा असे प्रत्यक्ष जोडलेले आहेत. गायकांच्या तक्रारी ऐकताना ही एक गोष्ट मी कधी नजरेआड होऊ देत नाही.

आता पेठेतल्या एखाद्या क्लासात डोकवा. सतरंजीवर मांडी घालून मुलगी बसली आहे. डावा हात पेटीच्या भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, बंदिशीची वही जमिनीवर. वहीत बघायला मान पुढे वाकलेली, भाता ओढायला कंबर एका अंगाला वळलेली. काळी चारचा षड्ज लावला की तिचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आपटतात, तार षड्जाला ४१५ वेळा. नेमकी तार षड्जाकडे जाताना ती हनुवटी पुढे काढते आणि उजवा खांदा कानाकडे नेते. गुरू म्हणतात, ‘स्वर दाबू नकोस.’ ती दाबत नसते, तिचं अंगच दाबत असतं. वही डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, बुडाखाली चार बोटं जाडीची घडी घाला म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतील, आणि पेटी दुसऱ्या कुणाला तरी वाजवू द्या. एवढं केलं तरी पुष्कळ वेळा स्वर मोकळा होतो.

गळ्याभोवतीचे स्नायू फारच आखडलेले असतील तर हातानं सैल करण्याचीही पद्धत आहे. आर्नल्ड अ‍ॅरनसन या अमेरिकी तज्ज्ञांनी ती नीट मांडली. थेरपिस्ट अंगठा आणि बोट कंठिकास्थीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू गोल फिरवत मागे जातो, मग ते हाड आणि घाटी यांमधल्या फटीत काम करतो आणि शेवटी स्वरयंत्र अलगद खाली आणतो. त्या वेळी गायक बारीक गुंजन करत असतो. कुठे दाबल्यावर आवाज सुटतो हे त्यालाच आधी ऐकू येतं. हे प्रशिक्षित स्पीच थेरपिस्टकडूनच करून घ्या. तिथेच शेजारी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या आहेत. तेलमालिश करणाऱ्याच्या हाती गळा देऊ नका.

‘आवाज फुटेपर्यंत गा, मग तो पक्का होतो’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो, तो मला मान्य नाही. त्याच्या पुष्ट्यर्थ अल्लादिया खाँसाहेबांचं नाव घेतलं जातं. अमलेठ्याच्या दरबारात असताना मालकाच्या हौसेपायी दिवसचे दिवस गावं लागून त्यांचा आवाज गेला. परत आला तो पहिला आवाज नव्हता. त्या बदललेल्या गळ्याला झेपेल अशी, लयीच्या पेचांची गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौली म्हणून आपण ती ओळखतो. त्यांचे शिष्य भास्करबुवा बखले किर्लोस्कर नाटक मंडळीत लहानपणी गात. वयात येताना त्यांचाही आवाज फुटला. पुन्हा पहिल्यापासून शिकून ते एवढे मोठे झाले की १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला, आजही शनिपाराजवळ तो आहे. या दोघांच्या मागे अलौकिक बुद्धी आणि वर्षानुवर्षांची मेहनत होती. गेलेला आवाज ही त्यांच्यावर कोसळलेली आपत्ती होती, तिला शिक्षणाची रीत कशी म्हणायची?

घोगरेपणा दोन आठवड्यांवर राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं तपासून घ्या, मग बाकीचे इलाज. गाताना किंवा ओरडताना आवाज एकाएकी गेला, तर स्वरतंतूत रक्त उतरलेलं असू शकतं. त्या क्षणी थांबा, कुजबुजूही नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कार्यक्रम रद्द करावा लागला तरी करा.

पुढच्या आठवड्यात जबड्याबद्दल. रात्री दात खाणाऱ्या गायकांनी तो लेखांक जरूर वाचावा.