ओपिऑइडविषयक शिक्षण : सक्ती कशाची असावी?

व्यसनविषयक शिक्षण शाळेत सक्तीचे असावे काय, हा प्रश्न आपल्याकडे तत्त्वतः सुटलेला आहे. 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर १४ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयाचा ठोस आशय शालेय अभ्यासक्रमात आणण्याचा निर्देश केंद्र शासनाला दिला. आता प्रश्न उरतो तो नेमके काय आणि कसे शिकवावे, हा.

अफूपासून मिळणारी आणि अफूसारखा परिणाम करणारी सर्व द्रव्ये म्हणजे ओपिऑइड. त्यांत हेरॉईन आहे, तसेच कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलची वेदनाशामक गोळीही आहे. गोव्यात अमली पदार्थ म्हटले की किनारपट्टी आठवते. त्यामुळे डिचोली तालुक्यातील आमोणेसारख्या गावातील शिक्षकाला हा प्रश्न दूरचा वाटू शकतो. परंतु गोळी घरच्या कपाटातही असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.१ टक्के लोक ओपिऑइडचे सेवन करतात. हेरॉईनचे प्रमाण १.१४, तर औषधी ओपिऑइडचे ०.९६ टक्के आहे. म्हणजे धडा केवळ 'गर्द'पुरता ठेवला, तर जवळजवळ तितकाच मोठा दुसरा धोका वगळला जातो.

ही द्रव्ये मेंदूतील श्वसननियंत्रण मंदावतात. सवयीने मात्रा वाढत जाते. काही काळ सेवन थांबल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. अशा वेळी जुनीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. दारूची जोड मिळाल्यास धोका आणखी वाढतो. श्वास मंद, ओठ निळसर आणि हाक मारूनही जाग नाही, अशी अवस्था दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात नॅलोक्सोन देऊन श्वसन पूर्ववत करता येते. 'झोपू दे, उतरेल' असे म्हणून सोबती थांबले, तर जीव जातो. घाबरलेल्या मित्राला हे ठाऊक असणे म्हणूनच महत्त्वाचे.

भीती दाखवणारी व्याख्याने मात्र निरुपयोगी ठरली आहेत. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस अधिकाऱ्यांमार्फत राबवलेल्या 'डेअर' कार्यक्रमाचा टिकाऊ परिणाम अभ्यासकांना आढळला नाही. संयुक्त राष्ट्रांची प्रतिबंधविषयक मानकेही निव्वळ माहितीपेक्षा संवाद, नकार देण्याचा सराव आणि भावना हाताळण्याचे कौशल्य यांवर भर देतात. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्राने व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला दिली. कायद्यातही तिला आधार आहे : अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ अन्वये, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

तात्पर्य, सक्ती योग्य आहे. पण ती वर्षातून एका भाषणाची नसावी. वर्गशिक्षकाचे प्रशिक्षण, औषधांचा स्पष्ट उल्लेख आणि मदतीचा मार्ग, या तिन्हींची असावी. महाविद्यालयीन शिक्षकांनीही हे काम शाळेवर सोपवून मोकळे होऊ नये. शाळेत हा धडा न मिळालेले विद्यार्थी आज आपल्याच वर्गात बसलेले आहेत. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी फलकावर लिहिण्यास कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.