झाडाआडची नजर

१९८४ चा उन्हाळा. शिवाजी पार्कच्या नेटवर एक थोरला भाऊ आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्याला घेऊन आला. पोराला बॅट नीट फिरवता येईना. समोर सर उभे, त्यांची नजर आपल्यावर रोखलेली. पोराचे हातच आखडून गेले. शेवटी थोरल्याने सरांना विनवलं, तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि जरा लांबून बघा. सर गेले आणि एका झाडाआड जाऊन उभे राहिले. सर गेले असं वाटून पोराचा जीव हलका झाला, बॅट मोकळी सुटली. त्या पोराचं पुढे काय झालं ते अख्ख्या देशाला पाठ आहे.

सर म्हणजे रमाकांत आचरेकर. जन्म १९३२, मालवण. आडनाव शेजारच्या आचऱ्याचं. प्रथम दर्जाचा एकच सामना त्यांच्या नावावर आहे, स्टेट बँकेकडून खेळलेला. आम्हा मालवणकरांना या माणसाचा अभिमान आहेच आणि गोष्ट निघाली की आम्ही सचिनपाशी येऊन थांबतो. मला मात्र त्या गोष्टीतलं झाड फार महत्त्वाचं वाटत आलं आहे. समोर जे दिसतं तेवढ्यावर निकाल न देता, आड उभं राहून माणसात आणखी काय आहे ते शोधायचं, ही सरांची खरी विद्या. तीच विद्या त्यांच्या एका शिष्याने समुद्रापासून शेकडो मैल लांब, नागपुरात वापरली. तिथे त्याच्या हाती दुसऱ्यांनी घडवलेला संघ आला होता.

आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलेल्याला हे चटकन कळेल. दोन्ही बाजूंना दोर धरून माणसं वाळूत टाचा रोवतात, मधे अर्धवर्तुळात जाळं हळूहळू किनाऱ्याकडे सरकतं. होडीला नवा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आला म्हणून जाळं नवं येत नाही. जाळं तेच, कुणीतरी आधी विणलेलं, वर्षानुवर्षं पाण्यात बुडालेलं. दोर ओढणारे हातही तेच. मी एकदा अशा एका नव्या तांडेलाला दुपारभर पाहिलं होतं. वाळूवर पसरलेल्या जाळ्याची कड मांडीवर घेऊन तो एकेक डोळा बोटांनी चाचपत पुढे सरकत होता. फाटलेलं जिथे सापडेल तिथे सुई चालवायचा. पण बराच वेळ त्याची बोटं धड असलेल्या जागीच रेंगाळत होती. कुठला पदर किती ताण घेईल, याचा अंदाज तो घेत होता. त्याने वर मान करून समुद्राकडे बघितलेलं मला आठवत नाही.

नागपुरात गेलेला सरांचा तो शिष्य म्हणजे चंद्रकांत पंडित. यष्टिरक्षक. भारताकडून पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. पुढे प्रशिक्षक म्हणून मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन रणजी करंडक मिळवून दिले. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात पोचली. इंदूरचं होळकर स्टेडियम. समोर गुजरात, त्यांना चौथ्या डावात ३१२ धावा हव्या होत्या. पार्थिव पटेलने १४३ केल्या आणि करंडक गुजरातकडे गेला. त्यानंतर मुंबईने प्रशिक्षक बदलला आणि पंडित विदर्भात आले.

विदर्भ रणजीत उतरला तो १९५७-५८ साली. साठ वर्षांत अंतिम फेरी एकदाही नाही. मुंबईच्या ड्रेसिंग रूममधून थेट इथे येणाऱ्या माणसाला कुणीही म्हणालं असतं, आता सगळं पहिल्यापासून उभं करा. पण विदर्भाचं कोठार रिकामं नव्हतंच. क्रिकेट संघटनेच्या अकादमीत कित्येक वर्षं मेहनत चालली होती. पारस म्हांब्रे प्रशिक्षक म्हणून इथे घाम गाळून गेले होते. गोलंदाजांना घडवायला सुब्रतो बॅनर्जी होते, ज्यांच्या वाट्याला आयुष्यात एकच कसोटी आली, १९९२ ची सिडनीची. त्यांच्याच हाताखालून उमेश यादव पुढे आला होता, खाणकामगाराचा मुलगा, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. कर्णधार फैज फजल घरचा. कर्नाटकातून आलेला गणेश सतीश होता. शिवाय मुंबईचा वसीम जाफर होता. आदल्या वर्षी दुखापतीमुळे त्याला खेळता आलं नव्हतं, म्हणून त्या मोसमात तो मानधन न घेता खेळला. असा माणूस आयता मिळणं हेही वारशातच धरायला हवं.

आणि याच कोठारात, मागच्या फळीवर, रजनीश गुरबानी होता. सिव्हिल इंजिनिअर. शिक्षण पुरं करून क्रिकेटकडे वळलेला मध्यमगती गोलंदाज. चेंडू दोन्हीकडे वळवायचा, पण अंगापिंडाने पाहणाऱ्याला धडकी भरावी असं त्याच्यात काही नव्हतं. त्या मोसमात विदर्भ नऊ सामने खेळला, त्यांतले सहा गुरबानीच्या वाट्याला आले. या सहांत त्याने ३९ बळी घेतले. मोसमाच्या सुरुवातीला हा आकडा सांगितला असता तर खरा मानणारा माणूस नागपुरातही सापडला नसता.

इथे जरा अमेरिकेकडे बघायला हवं, कारण नव्या प्रशिक्षकाला मिळणाऱ्या वारशाचा हिशेब तिथे फार बारकाईने मांडतात. कॉलेज फुटबॉलमध्ये दर हिवाळ्यात प्रशिक्षक बदलतात आणि आधीच्याने कोण कोण मागे ठेवलं याची मोजदाद सुरू होते. अलीकडे तिथले खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात सहज जाऊ शकतात, त्यामुळे वारसा टाकून देणंही सोपं झालं आहे. कोलोरॅडो विद्यापीठाचा संघ २०२२ मध्ये बारापैकी अकरा सामने हरला होता. तिथे आलेल्या डीऑन सँडर्स यांनी आल्या आल्या जुन्या खेळाडूंना सांगितलं, दुसरीकडे जाण्याचा विचार करा. पन्नासहून जास्त जण गेले. आमच्या आचऱ्यात गावपळण होते तेव्हाही घरं अशीच ओस पडतात, पण तीन दिवसांनी गाव परत येतो. कोलोरॅडोतून गेलेले परत आले नाहीत. पुढच्या मोसमात नव्या भरतीच्या संघाने चार सामने जिंकले, आठ हरले.

रणजीत हा मार्गच नाही. बाहेरचे खेळाडू घ्यायचे तर जास्तीत जास्त तीन. बाकीचा संघ मातीतलाच, आहे तोच. आल्या आल्या घर रिकामं करून टाकायची सोय पंडितांना नव्हती, आणि ती नव्हती हे विदर्भाचं भाग्य असं मी मानतो. कडक शिस्तीचा म्हणून हा माणूस प्रसिद्ध आहे. पण नुसत्या शिस्तीने अंगात नसलेली कला येत नाही. आत जे आहे ते कुणीतरी आधी हेरावं लागतं.

उपांत्य सामना कोलकात्याला, ईडन गार्डन्सवर. समोर कर्नाटक. मयंक अगरवाल, करुण नायर, विनय कुमार, सगळी नावाजलेली मंडळी. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर संपला. करुण नायरने १५३ धावा ठोकल्या. गुरबानीने पाच बळी घेऊनही कर्नाटक ३०१ पर्यंत गेला. ११६ धावांची पिछाडी. अशा वेळी विदर्भाचा संघ पूर्वी ढेपाळायचा. या वेळी गणेश सतीशने ८१ काढल्या, खालचे फलंदाज चिकटून राहिले आणि दुसऱ्या डावात ३१३ झाल्या. कर्नाटकला १९८ हव्या होत्या.

चौथ्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा कर्नाटक ७ बाद १११. फळ्यावरचे आकडे विदर्भाच्या बाजूचे होते, पण क्रिकेट पाहणाऱ्यांना विचारा, अशी रात्र कशी जाते. ८७ धावा आणि तीन गडी.

२१ डिसेंबर २०१७ ची सकाळ. विनय कुमार हात सैल सोडून मारू लागला. ३६ वर त्याला गुरबानीने काढलं. वाटलं, झालं. पण श्रेयस गोपाळ एका टोकाला खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला आणि अभिमन्यू मिथुनने दुसऱ्या टोकाने फटके सुरू केले. चाळीस हव्यात, तीस हव्यात, वीस हव्यात. साठ वर्षं अंतिम फेरी न पाहिलेला संघ मैदानावर उभा आहे आणि एकेका चौकारागणिक ती फेरी हातातून निसटते आहे. कर्नाटकला दहाही धावा उरल्या नाहीत. चेंडू गुरबानीकडे. ३३ वर मिथुन गेला. आता शेवटची जोडी. आणखी तीन धावा निघाल्या. जिंकायला हव्यात सहा, आणि फक्त दोन चांगले फटके लागले तर सगळं संपणार. गुरबानीनेच शेवटचा गडी, श्रीनाथ अरविंदला बाद केलं. १९२ सर्व बाद. विदर्भ पाच धावांनी जिंकला. गुरबानीचे दुसऱ्या डावातले बळी सात, सामन्यातले बारा. त्या सकाळचे तिन्ही बळी त्याचे, आणि त्याच संघात कसोटी गाजवलेला उमेश यादव होता. आणीबाणीच्या घडीला चेंडू मागच्या फळीवरच्या माणसाच्या हातात दिला गेला. शोध लागला म्हणतात तो या क्षणी.

अंतिम सामन्याचं मैदान तेच, इंदूरचं होळकर. अकरा-साडेअकरा महिन्यांपूर्वी याच मैदानावरून पंडित हरून बाहेर पडले होते. समोर दिल्ली. ध्रुव शोरे १४५ वर खेळत होता आणि दिल्ली तिनशेच्या जवळ सरकत होती. गुरबानीने विकास मिश्राचा त्रिफळा उडवला. लगेच नवदीप सैनीचा. षटक संपलं. पुढचं षटक घेऊन तो आला आणि पहिल्याच चेंडूवर शोरेचा त्रिफळा. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक याआधी एकदाच झाली होती, १९७२-७३ मध्ये, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. दिल्ली २९५. गुरबानी सहा बळी.

मग फलंदाजीत आणखी एक नाव उजेडात आलं, अक्षय वाडकर. यष्टिरक्षक, प्रशिक्षकासारखाच. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधलं पहिलं शतक त्याने काढलं ते थेट रणजीच्या अंतिम सामन्यात, १३३ धावांचं. विदर्भ ५४७. नववर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी २०१८ ला, विदर्भ नऊ गडी राखून जिंकला.

त्यानंतर वर्षभराने, २ जानेवारी २०१९ ला आचरेकर सर गेले. दादरकडचे रस्ते त्यांच्या शिष्यांनी भरून गेले. इकडे मालवणात आम्ही दूरदर्शनसमोर गप्प बसून होतो. महिना उलटला आणि पंडितांच्या विदर्भाने नागपुरात सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. त्या सामन्यात आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ११ बळी घेतले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच काढलं. पुढे २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. २०२२ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिला करंडक घेतला. याच मैदानावर १९९८-९९ चा अंतिम सामना मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून पंडित हरले होते. २०२२ च्या त्या सामन्यात मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. तेही आचरेकर सरांचेच. दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये झाडाआडच्या त्याच नजरेखाली वाढलेली माणसं बसली होती.

आणि नागपुरात मागे राहिलेलं? मार्च २०२५ मध्ये जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. प्रशिक्षक होते उस्मान घनी, कर्णधार अक्षय वाडकर. म्हणजे इंदूरला शतक काढणारा तो पोरगा आता पुढच्या प्रशिक्षकाच्या वाट्याला आलेला वारसा होता. समोर केरळ. पहिल्या डावात विदर्भाच्या तरुण दानिश मालेवारने १५३ धावा केल्या, ईडनवर करुण नायरने विदर्भाविरुद्ध केल्या होत्या तेवढ्याच. त्याच्या जोडीला खेळपट्टीवर होता खुद्द करुण नायर, आता विदर्भाकडून खेळणारा. त्याने ८६ केल्या आणि दुसऱ्या डावात १३५. केरळच्या बाजूने सर्वांत जास्त झुंजणाऱ्यांत एक डावखुरा होता, ७९ धावा करून विदर्भाची आघाडी ३७ वर रोखून धरणारा. त्याचं नाव आदित्य सरवटे. जामठ्याच्या त्याच मैदानावर त्याने सौराष्ट्राचे ११ बळी घेतले होते.