वाफसा न येणारी जमीन

वाफसा आल्याशिवाय रानात गाडी घालू नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. ओल्या जमिनीत चाक रुतले की माती दबते, चाकोरी पडते आणि पावसाचे पाणी त्याच चाकोरीने धावते. पण ज्या जमिनीला कधी वाफसाच येत नाही, तिचे काय?

बेल्जियमच्या पूर्वेला ओत फान्य नावाचे असे पठार आहे. तिथली दलदल आणि खुरट्या झुडपांचा माळ १९५७ पासून राखीव आहे. दलदलीतले स्फॅग्नम नावाचे शेवाळ स्पंजासारखे पाणी धरते. पाण्याखाली हवा नसल्याने त्याचे जुने थर पुरते कुजत नाहीत. साठत जाऊन त्यांचे पीट बनते. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढतो. म्हणजे डोंगरी सायकलींच्या चाकांनी दहा सेंटिमीटरचा चर पडला, तर शंभर वर्षांची कमाई गेली! शिवाय चरातून पाणी निथळले की पिटात हवा शिरते, ते कुजू लागते आणि वाळल्यावर पेटही घेते.

म्हणून तिथे सायकलवाल्यांना ठरलेल्या वाटाच मोकळ्या आहेत. पायी जाणाऱ्यांसाठी लाकडी फळ्या टाकल्या आहेत. काही भागात वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. आगीचा धोका वाढला की लाल निशाण लावून वाटा बंद करतात. एप्रिल २०११ मध्ये तिथे सुमारे हजार हेक्टर माळ जळाला होता.

उभ्या पिकातून वाट पाडणाऱ्याला आपण हटकतोच. ओढ्याकाठच्या पाणथळ पट्ट्यालाही तोच न्याय लावावा. पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टर, मोटारसायकल घालू नये.