शिक्षकांना कायद्याचे संरक्षण : किती आणि कुठवर?

कळवा, खारेगाव आणि विटावा परिसरातील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत शिक्षकी पेशाला पूर्वापार मान आहे. सकाळच्या लोकलने ठाणे, मुलुंड, डोंबिवलीच्या शाळांत जाणाऱ्या शिक्षिका आपल्याच धर्मग्रामातल्या असतात, आणि ज्यांच्या तक्रारीवरून त्यांना कधीकाळी खुलासा द्यावा लागतो ते पालकही पुष्कळदा आपल्यातलेच. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी समजून घेणे अगत्याचे आहे. ‘मुलाला रागावले तर पोलीस येतील’ ही भीती आणि ‘संस्थेने मनात आणले तर उद्या घरी बसवील’ ही धास्ती, या दोन्हींत कायद्याचा खरा आधार किती व नुसती ऐकीव माहिती किती, हे पाहू या.

प्रथम नोकरीविषयी. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी ‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ हा कायदा आहे व त्याखालील नियमावली १९८१ ची आहे. शाळा अनुदानित असो की विनाअनुदानित, हा कायदा तिला लागू होतो. महापालिकेच्या शाळांतील शिक्षकांना मात्र तो लागू नाही. त्यांचे सेवानियम निराळे आहेत. कायद्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे की, या कायद्यातील व नियमांतील तरतुदींनुसार असेल तेवढेच निलंबन, पदावनती किंवा बडतर्फी करता येते. सारे संरक्षण या एका वाक्यावर उभे आहे. तोंडी सांगून, हजेरीपटावर सही करू न देऊन किंवा ‘उद्यापासून येऊ नका’ असा निरोप पाठवून कायम शिक्षकाची नोकरी संपत नाही. परिवीक्षा काळातील शिक्षकाची स्थिती अर्थातच नाजूक असते. काम किंवा वर्तन समाधानकारक नसेल तर व्यवस्थापन एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन देऊन त्याला दूर करू शकते.

चौकशी कशी व्हावी हे नियम ३६ व ३७ मध्ये सविस्तर सांगितले आहे. आधी आरोपांचे लेखी विवरण द्यावयाचे, सात दिवसांत खुलासा मागवावयाचा, खुलासा असमाधानकारक वाटला तरच चौकशी समिती नेमावयाची. समिती तिघांची असते : एक व्यवस्थापनाचा, एक खुद्द शिक्षकाने खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांतून निवडलेला, आणि तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून घेतलेला. आपला माणूस समितीत बसविण्याचा हा हक्क फार मोलाचा आहे, परंतु घाबरलेले शिक्षक बहुधा तो वापरीतच नाहीत आणि मग एकतर्फी अहवालाबद्दल हळहळतात. चौकशी १२० दिवसांत पुरी व्हावी असा नियम आहे. निलंबनासाठी शिक्षण खात्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. ती न घेता निलंबित केले तर निर्वाह भत्त्याचा सर्व भार संस्थेवर पडतो. हा भत्ता पहिल्या चार महिन्यांत साधारणतः निम्मे वेतन व त्यावरील महागाई भत्ता इतका असतो.

राजीनाम्याबाबतही सावध असावे. कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे धाडण्याची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवण्याची पद्धत सांगितली आहे. कार्यालयात बोलावून टंकलिखित कागद पुढे सरकवला गेला तर ‘घरी जाऊन विचार करते’ एवढे म्हणण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

अन्याय झालाच तर कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तेथे न्यायिक अधिकारी निर्णय देतात आणि पुनर्नियुक्ती व थकलेले वेतन देण्याचे आदेश काढण्याचा त्यांना अधिकार आहे. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील एका प्राथमिक शिक्षिकेचे प्रकरण या बाबतीत पथदर्शक ठरले. महापालिकेने शाळेच्या मालमत्तेवर कर लावला तेव्हा प्रत्येक कर्मचाऱ्याने दरमहा दीड हजार रुपये द्यावेत अशी मागणी झाली. या शिक्षिकेने नकार दिला. २००६ साली त्या निलंबित झाल्या, २००७ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. २००९ मध्ये न्यायाधिकरणाने ती कारवाई रद्द करून पूर्ण वेतन देण्यास सांगितले. उच्च न्यायालयाने वेतनाचा भाग रद्द केला, पण १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा बहाल केला. बेकायदा बडतर्फी झाली तर मागील वेतन मिळणे हाच सर्वसाधारण नियम आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कर्मचाऱ्याने ‘मी या काळात अन्यत्र कमावत नव्हतो’ एवढे सांगितले की त्याविरुद्ध सिद्ध करण्याचा भार संस्थेवर येतो. सात वर्षे झगडावे लागले ही दुसरी बाजूही विसरता येत नाही.

येथे आपल्या वाचकांच्या मनात प्रश्न येईल : चर्चच्या शाळा अल्पसंख्याक आहेत, संविधानाच्या कलम ३० ने त्यांना स्वायत्तता दिली आहे, मग हा कायदा त्यांना लागू कसा? लागू आहे. मुख्याध्यापकांची व व्यवस्थापनाने नावे कळविलेल्या अन्य तिघांपर्यंतची निवड एवढीच सूट कलम ३ मध्ये अल्पसंख्याक शाळांना दिलेली आहे. १९८६ मध्ये दिल्लीच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, शिक्षकांना न्याय्य सेवाशर्ती दिल्याने अल्पसंख्याकांच्या हक्काला बाध येत नाही. पुढे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायमूर्तींनी असे सुचविले की, व्यवस्थापनाने शिस्तभंगाची चौकशी स्वतः करावी, तथापि शिक्षकाला दाद मागण्यासाठी जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या अधिकाऱ्याचे न्यायाधिकरण असावे. स्वायत्तता संस्थेच्या स्वरूपाला आहे, मर्जीला नाही, असे मला यातून दिसते.

आता फौजदारी कारवाईकडे वळू. जयपूरच्या एका कॅथलिक शाळेतील नववीच्या विद्यार्थ्याने २०१८ मध्ये आत्महत्या केली व शारीरिक शिक्षण शिक्षकावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०२१ रोजी तो रद्द केला. शिस्तीसाठी रागावणे व पालकांना कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून, वारंवार केलेला छळ दिसत नसेल तर केवळ कानउघाडणी म्हणजे प्रवृत्त करणे नव्हे, असा निकाल होता. एका लेकराचा जीव गेला होता, हे न्यायालयाने दृष्टिआड केले नाही आणि आपणही करू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही २०२३ मध्ये एका प्राथमिक शिक्षिकेची शिक्षा रद्द केली. अटकेच्या बाबतीत, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हा अर्नेश कुमार निकालाचा (२०१४) दंडक आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये शिक्षकांवरील तक्रारींत आधी प्राथमिक चौकशी करण्यास पोलिसांना सांगितले. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण वकील त्याचा दाखला देऊ शकतात.

याचा अर्थ छडीला परवाना मिळाला असा मात्र कोणी घेऊ नये. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातील मुलाशी क्रूरपणे वागल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही मना करते. २०१४ च्या प्रमती निकालानुसार तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही (सप्टेंबर २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवण्याची शिफारस झाली आहे). पण मग त्याच कायद्याच्या कलम ३७ मधील ‘सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल दावा नाही’ हे कवचही आपल्या शाळांना सहजी घेता येत नाही. अमेरिकेत २००२ पासून सद्भावनेने वागणाऱ्या शिक्षकाला वैयक्तिक भरपाईपासून वाचविणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. आपल्याकडे तसा एक कायदा नाही, संरक्षण अनेक ठिकाणी विखुरलेले आहे. शासकीय अधिकाऱ्यांना मिळणारी खटल्याच्या पूर्वमंजुरीची तरतूद खाजगी शाळेतील शिक्षकाला मिळत नाही.

एक संरक्षण मात्र निःसंदिग्ध आहे आणि नेमके तेच ठाऊक नसते. बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती कळली की पोलिसांना कळविणे पॉक्सो कायद्याच्या कलम १९ ने सर्वांवर बंधनकारक आहे. सद्भावनेने ती माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. संस्थेची बदनामी होईल, अब्रुनुकसानीचा दावा लागेल, अशा शंकांना तेथे जागा नाही. उलट गप्प बसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत व संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच रेल्वेमार्गावरील बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला, लोकांनी स्थानकावर गाड्या रोखल्या, आणि पुढे वेळेवर न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदला गेला.

शेवटी कागदपत्रांविषयी. नेमणुकीचा आदेश, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, मिळालेली प्रत्येक ज्ञापने आणि त्यांना दिलेली लेखी उत्तरे पोचसहित एका फाइलीत ठेवावीत. पालकांशी झालेल्या भेटीची तारीखवार नोंद ठेवावी. शाळा न्यायाधिकरणाकडील अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो, पण ते कारण पटवून द्यावे लागते. आदेश एप्रिलअखेर हाती पडला आणि कुटुंब सुटीसाठी गावी गेले, तर जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत ही मुदत सरलेली असते.