आपण खातो ते तेल यकृताला काय सांगते?

सोनोग्राफी करून आलेल्या माणसाच्या रिपोर्टवर अलीकडे एक ओळ वारंवार दिसते : 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन'. घरात लगेच प्रश्न निघतो, "दारूला कधी हात लावला नाही, मग लिव्हर कसं बिघडलं?" दुसरा कोणी म्हणतो, "आमच्या घराण्यातच आहे ते. रक्तातच आहे, काय करणार?"

या दोन्ही समजुती तपासून पाहायला हव्यात. दारूने यकृतात चरबी साठते हे खरे. पण दारू न पिणाऱ्यांच्या आणि अंगाने सडपातळ असणाऱ्यांच्या यकृतातही चरबी साठते. घराण्याचाही वाटा असतो. यकृतात जास्त चरबी साठू देणारा एका जनुकातला फरक २००८ साली शास्त्रज्ञांना सापडला आहे. पण रोजच्या जेवणातले तेल, तूप आणि साखर यांचाही वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या हातातला आहे.

जनुके तीच, पण चालू कोणती?

बोकडाची कलेजी आपण ओळखतो. तोच अवयव म्हणजे यकृत. माणसाचे यकृत उजव्या बरगड्यांखाली असते आणि त्याचे वजन साधारण दीड किलो भरते. जेवणातली जास्तीची साखर साठवणे, तिची चरबी बनवणे, गरज पडली की चरबी जाळणे, कोलेस्टेरॉल तयार करणे आणि रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेणे, ही सारी कामे यकृत करते.

यातले कोणते काम किती करायचे हे जनुकांच्या कामावर ठरते. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवायचे याची पेशीत लिहिलेली सूचना. माणसाच्या पेशीत प्रथिनांच्या अशा सुमारे वीस हजार सूचना असतात. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत त्या सारख्याच असतात. फरक असतो तो कोणती सूचना चालू आणि कोणती बंद, यात. आई-वडिलांकडून मिळालेली जनुके आपल्याला बदलता येत नाहीत. पण त्यातली कोणती किती जोराने काम करतील, हे बऱ्याच अंशी आपल्या खाण्यावर आणि अंगमेहनतीवर अवलंबून असते.

तेल-तेलात फरक

तूप, मटणाची चरबी, खोबरेल तेल थंडीत थिजते. यांत संपृक्त चरबी जास्त असते. करडई, सूर्यफूल, सोयाबीन, जवस यांची तेले थंडीतही पातळ राहतात, कारण त्यांत असंपृक्त चरबी जास्त असते. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के, तुपात ६० टक्क्यांच्या वर आणि पामतेलात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते. शेंगदाणा तेलात ती २० टक्क्यांच्या आत, सोयाबीन तेलात १५ टक्क्यांच्या आसपास आणि करडई तेलात १० टक्क्यांहून कमी असते. असंपृक्त चरबीतलाच ओमेगा-३ हा प्रकार बांगडा, तारली अशा मासळीत आणि जवसात भरपूर असतो.

हे सगळे तेल पोटात गेल्यावर सारखीच ऊर्जा देते : एका ग्रॅमला ९ कॅलरी. पण यकृताच्या पेशीत पोचल्यावर प्रत्येकाचे वागणे वेगळे असते.

चरबी बनवायची की जाळायची?

यकृताच्या पेशीत जनुके चालू करणारी काही प्रथिने असतात. त्यातली दोन आपण लक्षात ठेवू. एकाचे नाव एसआरईबीपी. ते चरबी बनवणारी जनुके चालू करते. दुसऱ्याचे नाव पीपार-अल्फा. ते चरबी जाळणारी जनुके चालू करते.

असंपृक्त चरबी, त्यातही मासळीतले ओमेगा-३, पहिल्याला आवरते आणि दुसऱ्याला जागे करते. म्हणजे यकृताला निरोप जातो : नवी चरबी बनवणे कमी कर, आहे ती जाळ. १९९० साली अमेरिकेत क्लार्क आणि सहकाऱ्यांनी हे उंदरांवर तपासले. मासळीचे तेल दिलेल्या उंदरांच्या यकृतात चरबी बनवणाऱ्या जनुकाचे काम खूप मंदावले. संपृक्त चरबी दिल्यावर तसे झाले नाही.

२००५ साली बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांतच उलटी बाजू दाखवली. संपृक्त आणि ट्रान्स चरबीने यकृतातले एक मदतनीस प्रथिन वाढते, ते एसआरईबीपीला साथ देते आणि चरबी व कोलेस्टेरॉल बनवण्याची जनुके जोराने चालू लागतात.

कोलेस्टेरॉलचेही असेच आहे. यकृताच्या पेशींवर रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारी दारे असतात. त्यांच्या शोधाबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. संपृक्त चरबी जास्त खाल्ली की ही दारे कमी होतात, आणि कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहते. हृदयविकाराचा धोका वाढतो तो त्यामुळे.

माणसांवर काय दिसले?

उंदरांवरचे प्रयोग माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हा प्रश्न वाजवी आहे. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा पुन्हा पुन्हा काढता येत नाही, म्हणून एमआरआयने यकृतातली चरबी मोजतात. स्वीडनमधल्या उप्साला येथे ३९ निरोगी तरुणांना ७ आठवडे रोजच्या जेवणाव्यतिरिक्त छोटे केक खायला दिले. निम्म्यांचे केक पामतेलाचे, निम्म्यांचे सूर्यफुलाच्या तेलाचे. दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे दीड किलो वाढले. पण पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटात चरबी स्पष्टपणे जास्त साठली. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

२०१८ साली फिनलंडमध्ये वजन जास्त असलेल्या ३८ जणांना ३ आठवडे रोज १००० कॅलरी जादा दिल्या. संपृक्त चरबीतून दिल्या तेव्हा यकृतातली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साखरेतून दिल्या तेव्हा ३३ टक्क्यांनी, आणि असंपृक्त चरबीतून दिल्या तेव्हा १५ टक्क्यांनी. म्हणजे चांगले तेलही जास्त खाल्ले तर चरबी वाढतेच, फक्त कमी वाढते. आणि साखरही यात सामील आहे. जास्तीची साखर यकृतात चरबी बनवणारी जनुके चालू करते. दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा आणि वर कोल्ड्रिंक, हेही यकृताला चरबी बनवायलाच सांगते.

स्वस्त तेलाचा प्रश्न

वस्तीतल्या घरात तेल चवीवरून किंवा आरोग्यावरून निवडले जात नाही, दरावरून निवडले जाते. पामतेल स्वस्त, म्हणून ते घरात येते. वडापाव, भजी, फरसाण, बिस्किटे यांतूनही ते बाहेरचे खाताना पोटात जाते. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शिधापत्रिकेवर १०० रुपयांत जो 'आनंदाचा शिधा' दिला, त्यातही एक लिटर पामतेल होते. त्यामुळे घर चालवणाऱ्या बाईला दोष देऊन काही साधणार नाही. हाताशी असलेल्या पैशांत काय बदलता येईल ते पाहू.

पहिली गोष्ट, तेलाचे प्रमाण. फोडणी डब्यातून थेट ओतू नका, चमच्याने मोजून घाला. बैठे काम करणाऱ्या माणसाला महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर तेल पुरते. वाचलेल्या पैशांत थोडे बरे तेल येऊ शकते.

दुसरी, अदलाबदल. एक महिना पामतेल असेल तर पुढच्या महिन्यात सोयाबीन आणा. जमेल तेव्हा शेंगदाणा किंवा करडई आणा.

तिसरी, जवस. जवस भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून केलेली चटणी रोज एक-दोन चमचे खा. हे ओमेगा-३ शरीराला बदलून घ्यावे लागते आणि थोडेच बदलते, तरी चटणी स्वस्त आणि चांगली आहे. मासळी खाणाऱ्यांनी आठवड्यातून एक-दोनदा बांगडा किंवा तारली घ्यावी. तळण्यापेक्षा कालवण करावे. खारवलेली सुकी मासळी असेल तर नीट धुऊन घ्यावी, कारण मिठाने रक्तदाब वाढतो.

चौथी, तळणीचे तेल. एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वनस्पती तूप टाळा. तेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स चरबीवर सरकारने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण वनस्पती तुपातली संपृक्त चरबी राहतेच.

पाचवी, चहातली साखर निम्मी करा आणि रोज अर्धा तास भरभर चाला.

रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर आले असेल तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. सुरुवातीच्या अवस्थेत यकृत पुन्हा पूर्ववत होऊ शकते. वजन जास्त असेल तर ते ५ टक्क्यांनी उतरले, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो कमी झाले, तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. डॉक्टरांना विचारून रक्तातली साखर आणि यकृताची तपासणीही करून घ्या. मधुमेह आणि फॅटी लिव्हर बहुधा जोडीने येतात. लिव्हर साफ करणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्या-पावडरींवर पैसे घालवू नका. त्यातल्या काहींनी यकृतालाच इजा होते.

'रक्तातच आहे' म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. जनुके जन्माने मिळतात, पण त्यांना रोज काय सांगायचे ते आपल्या ताटातून ठरते.